वाचकांचे प्रश्न : एक कंट्रोलर, अनेक ॲक्सेस पॉइंट

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले वाय-फायचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. अभ्यासिका, रुग्णालय, शाळा, शीतगृह अशा जागा वेगवेगळ्या असल्या, तरी विचारणा एकच आहे : इमारतभर लावलेले ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे) एका जागेवरून कसे सांभाळायचे? पत्रं मोठी होती, ती इथे मुद्द्यापुरती दिली आहेत. उत्तरांत ॲक्सेस पॉइंटला नुसतं ‘एपी’ म्हटलं आहे.

प्रश्न : विश्रामबागला आमची अभ्यासिका आहे. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर ६० जागांचा एक हॉल. सध्या तीन राऊटर, तीन नावं, तीन पासवर्ड. सकाळी नेट बरं चालतं, संध्याकाळी सहानंतर मुलं तक्रार करतात. लाइन २०० एमबीपीएसची आहे. कंट्रोलरवाले एपी घेतले तर अडचण सुटेल का? किती घ्यावेत?
— अभ्यासिकाचालक, सांगली

सुटेल, पण कंट्रोलरमुळे नव्हे. कंट्रोलर हा ऊसतोड टोळीच्या मुकादमासारखा असतो. कोणी कुठल्या फडात उतरायचं ते तो सांगतो, मोळ्या तो वाहत नाही. मुलांच्या मोबाइलमधला डेटा एपीतून स्विचला, स्विचमधून राऊटरला आणि तिथून बाहेर जातो. त्या वाटेवर कंट्रोलर सहसा नसतोच. तो सगळ्या एपींना एकच नाव-पासवर्ड, चॅनल आणि पॉवर देतो आणि कुठे किती जण जोडलेत ते दाखवतो.

दुखणं सहानंतरच का, ते आधी बघू. १२० जागा म्हणजे मोबाइल आणि लॅपटॉप धरून २४० उपकरणं. घरगुती राऊटरमध्ये पत्ते वाटणारा डीएचसीपी बऱ्याचदा १०० ते १९९ एवढ्या शंभरच पत्त्यांवर लावलेला असतो आणि दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवतो. सकाळची मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा, स्वतः बनवलेला मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) वापरतो. तुमची नावं तीन आहेत. तिन्ही राऊटरच्या मागे डीएचसीपी एकच असेल, तर हॉलभर फिरणारा एकच मोबाइल तीन पत्ते खातो. संध्याकाळी आलेल्या मुलाला वाय-फाय जोडताना नुसतं चक्र फिरताना दिसतं आणि तो म्हणतो, नेट बंद आहे. एखाद्या दिवशी साडेसहाला राऊटरमधली डीएचसीपीची यादी उघडून बघा. ती काठोकाठ भरलेली दिसली तर निम्मं निदान तिथेच झालं. सबनेट मास्क (नेटवर्कमध्ये किती पत्ते मावतील ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० करा, म्हणजे ५१० पत्ते मिळतात, आणि पत्त्याची मुदत ४ तासांवर आणा. घरगुती राऊटर हे करू देत नसेल तर तो बदलायला हवा. नवे एपी त्यानंतर.

एपी चार घ्या, प्रत्येक हॉलला दोन. खोक्यावर २०० उपकरणांचा आकडा छापलेला असतो, तो नुसत्या जोडणीचा. प्रत्यक्षात ४० ते ५० जण एकाच वेळी व्हिडिओ लेक्चर बघत असले की एक एपी दमतो. हॉलच्या लांबीचे चार भाग करा आणि पहिल्या व तिसऱ्या खुणेला छताला एकेक एपी लावा. वरच्या मजल्यावरचे एपी खालच्यांच्या डोक्यावर येऊ देऊ नका, थोडे सरकवा.

२.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत : १, ६ आणि ११. चौथ्या एपीला चॅनल उरत नाही, तर त्याचा २.४ चा रेडिओ सरळ बंद ठेवा. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे चॅनल वापरा, कारण तिथे रडारसाठी थांबावं लागत नाही. ४० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे त्यात नेमके चार बसतात, चार एपींना एकेक. रुंदी ८० केली की दोनच उरतात. मग चाचणीच्या ॲपमध्ये आकडा छान दिसतो आणि हॉल भरला की गाडं अडतं. २.४ चे १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने दर बंद करून किमान दर १२ ठेवा. प्रत्येक उपकरणाला ४-५ एमबीपीएसची मर्यादा घाला, लेक्चरला तेवढं पुरतं.

जोडीला आठ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच एपीला वीज देणारा) लागेल. तो घेताना नुसते पोर्ट मोजू नका, एकूण वॅट बघा : दोन-दोन अँटेनांचा वाय-फाय ६ एपी साधारण १० ते १३ वॅट खातो, म्हणजे ६५ वॅटचा स्विच पाच एपींना पुरतो. स्विच व्हीलॅन समजणारा हवा, म्हणजे एकाच केबलवरून वेगवेगळी नेटवर्कं वेगळी ठेवणारा. एपी आणि कंट्रोलरसाठी व्हीलॅन १०, ऑफिस आणि सीसीटीव्हीसाठी २०, मुलांसाठी ३०. एपीच्या पोर्टवर १० अनटॅग्ड (क्रमांकाच्या चिठ्ठीविना), बाकीचे दोन टॅग्ड (चिठ्ठीसह). नाव दिसतं, पासवर्ड स्वीकारला जातो, पण आयपी पत्ता मिळत नाही, अशी तक्रार आली की नव्वद टक्के वेळा कुठल्यातरी पोर्टवर ३० टॅग करायचा राहिलेला असतो, किंवा मध्येच कोणीतरी साधा पाच पोर्टचा स्विच खोचलेला असतो.

कंपनी कुठली, असंही तुम्ही विचारलं आहे. ओमाडा (टीपी-लिंकचा ब्रँड), युनिफाय (युबिक्विटीचा), मायक्रोटिक, कोणतीही चालेल, पण सगळे एपी एकाच घरचे घ्या. कॅपवॅप हे एपी-कंट्रोलर संभाषणाचं खुलं प्रमाण आरएफसी ५४१५ म्हणून २००९ मध्येच आलं. तरी एका कंपनीचा कंट्रोलर दुसरीचे एपी सांभाळेल, या भरवशावर राहू नका. जुने राऊटर मात्र काढून टाका. त्यांतला एखादा ‘असू दे जादा रेंजला’ म्हणून डीएचसीपी चालू ठेवून कोपऱ्यात राहिला, तर तो भलतेच पत्ते वाटत बसेल आणि दोष नव्या एपींवर येईल.

प्रश्न : मिरजेत आमच्या रुग्णालयात १४ युनिफाय एपी आहेत. कंट्रोलर अकाउंट्सच्या विंडोज संगणकावर टाकला आहे. तळमजल्यावरचे एपी त्यात दिसले, वरच्या दोन मजल्यांवरचे दिसतच नाहीत. दिसलेल्यांपैकी तीन ‘ॲडॉप्टिंग’ (जोडून घेतोय) इथपर्यंत येतात आणि पुन्हा ‘डिस्कनेक्टेड’ होतात. तिन्ही मजल्यांचे व्हीलॅन वेगळे आहेत.
— आयटी विभाग, रुग्णालय, मिरज

हे दोन वेगळे आजार आहेत.

वरचे एपी दिसत नाहीत ते व्हीलॅनमुळे. नवा एपी कंट्रोलरला साद घालतो ती यूडीपी पोर्ट १०००१ वरून (हे पोर्ट स्विचचं नव्हे, सॉफ्टवेअरमधला क्रमांक), आणि ती साद त्याच्या व्हीलॅनबाहेर जात नाही. राऊटर ती पुढे नेत नाही, तो त्याचा दोष नव्हे. मग कंट्रोलर कुठे आहे ते एपीला आपणच सांगायचं. सांगण्याचे मार्ग तीन.

पहिला डीएनएसचा (नावावरून पत्ता सांगणारी सोय). तुमच्या डीएनएसमध्ये ‘युनिफाय’ हे नाव इंग्रजी स्पेलिंगने कंट्रोलरच्या आयपीकडे वळवा. एपी ते नाव आपणहून शोधतो.

दुसरा मार्ग डीएचसीपीच्या ऑप्शन ४३ चा. त्यात कंट्रोलरचा पत्ता हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) द्यावा लागतो आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. सुरुवातीला ०१०४, आणि पुढे आयपीचे चार भाग. समजा कंट्रोलर १९२.१६८.१०.५ वर आहे. १९२ म्हणजे सी०, १६८ म्हणजे ए८, १० म्हणजे ०ए आणि ५ म्हणजे ०५. सगळं सलग लिहिलं की ०१०४सी०ए८०ए०५, राऊटरमध्ये अर्थात रोमन अक्षरांत. १० साठी नुसता ‘ए’ लिहून पुढचं शून्य गाळलं की एपी भलत्याच पत्त्यावर जातो आणि तक्रारही करत नाही. ऑप्शन बदलल्यावर एपी एकदा बंद-चालू करा, कारण नवा पत्ता मागितल्याशिवाय त्याला ही माहिती मिळणार नाही.

तिसरा मार्ग हाताचा : एपीवर एसएसएचने (दुरून आदेश देण्याच्या सोयीने) शिरायचं आणि ‘सेट-इन्फॉर्म’ हा आदेश द्यायचा. त्यापुढे कंट्रोलरचा पत्ता, पोर्ट ८०८० आणि शेवटी ‘इन्फॉर्म’. न जोडलेल्या एपीचं लॉगिन नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘यूबीएनटी’ असतं. दोन-तीन एपींना हे ठीक आहे, चौदांना कंटाळवाणं.

खरं सांगायचं तर १४ एपींसाठी यातलं काहीच करू नका. तिन्ही मजल्यांवर एपींसाठी एकच मॅनेजमेंट व्हीलॅन न्या, कंट्रोलर त्यात ठेवा, आणि कर्मचारी व पाहुण्यांचे व्हीलॅन एपींच्या पोर्टवर टॅग करून द्या. ऑप्शन ४३ ची गरज पडते ती शाखा दुसऱ्या गावात असते तेव्हा.

आता जोडून सुटणारे तीन एपी. अकाउंट्सच्या संगणकाला लॅन आणि वाय-फाय अशी दोन कार्डं असतील, किंवा त्यावर एखादं व्हर्च्युअल मशीन असेल, तर कंट्रोलर स्वतःचा चुकीचा पत्ता एपीला देऊन बसतो. एपी पहिल्यांदा सापडतो, पण पुढच्या वेळी त्या भलत्या पत्त्यावर हाक मारतो आणि ‘डिस्कनेक्टेड’ दिसतो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये इन्फॉर्म होस्ट (एपीने हाक मारायचा पत्ता) स्वतः लिहिण्याची सोय आहे, तिथे खरा आयपी टाका. तो आयपी राऊटरमध्ये राखूनही ठेवा. उद्या संगणकाचा पत्ता बदलला तर चौदाही एपी अनाथ होतील. मग विंडोजचा फायरवॉल बघा. नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर बाहेरून येणारं सगळं अडतं. टीसीपी ८०८० आणि यूडीपी ३४७८ उघडा. तपासणी सोपी आहे : एपीच्या व्हीलॅनमधल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये कंट्रोलरचा पत्ता, पोर्ट ८०८० आणि ‘इन्फॉर्म’ टाका. ४०० क्रमांकाची चूक दिसली तर आनंद माना, वाट मोकळी आहे. नुसतंच फिरत राहिलं तर अडसर मध्ये आहे. एवढं करूनही एखादा एपी अडला, तर तो आधी दुसऱ्या कंट्रोलरला जोडलेला असणार. रीसेटचं बटण १० सेकंद दाबून कोरा करा.

ओमाडा वापरणाऱ्यांनाही हेच लागू. तिथे ऑप्शन १३८ मध्ये कंट्रोलरचा आयपी द्यायचा आणि यूडीपी २९८१० व टीसीपी २९८११ ते २९८१४ उघडे ठेवायचे.

अकाउंट्सच्या संगणकावरून कंट्रोलर हलवा, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शीतगृह आहे. आत ४ अंश तापमान असतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये एपी लावला, पण दार लागलं की आत स्कॅनरला रेंज शून्य. पॉवर पूर्ण वाढवली, उपयोग झाला नाही.
— शीतगृहाचे व्यवस्थापक, तासगाव

होणारही नाही. पफ पॅनेल म्हणजे फोमच्या दोन्ही बाजूंना पत्रा. दार लागलं की खोली ही बंद पत्र्याची पेटी होते. शिवाय पॉवर वाढवली तरी आवाज वाढतो तो एपीचा. हातातल्या स्कॅनरचा आवाज आहे तेवढाच राहतो आणि एपीला तो ऐकू येत नाही.

प्रत्येक खोलीत एपी आतच हवा. घराघरांत लागणारे बरेच एपी ० ते ४० अंशांसाठी असतात, म्हणजे ४ अंशांवर ते कागदोपत्री बसतात. पण दार उघडताच बाहेरची दमट हवा आत येऊन त्यावर घाम धरतो, ते कागदावर नसतं. बाहेर लावायचा, आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरू देणारा एपी घ्या. तो शून्याखालीही चालतो. कूलिंगच्या पंख्यासमोर लावू नका.

एपीपेक्षा जास्त काळजी केबलच्या भोकाची घ्या. पॅनेलला पाडलेल्या भोकातून बाहेरची हवा पाइपच्या आतून थेट आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या प्लगच्या) टोकापर्यंत जाते आणि तिथे पाणी होतं. त्या पिनांवर पीओईचे ४८ व्होल्ट असतात. ओलावा आणि डीसी दाब एकत्र आला की पिना हिरव्या पडायला काही महिने पुरतात. मग एपी कधी चालतो, कधी नाही. पाइपचं तोंड आतून आणि बाहेरून दोन्हीकडे फोमने किंवा सिलिकॉनने बुजवा. एपीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला टपकेल. टोकाला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

रेडिओचं म्हणाल तर बरेच जुने स्कॅनर फक्त २.४ वर चालतात, तेव्हा इथे २.४ बंद करू नका. स्कॅनरसाठी वेगळं नाव ठेवा, त्यावर नुसतं डब्ल्यूपीए२ (पासवर्डची जुनी सुरक्षा पद्धत), आणि ८०२.११आर (एका एपीवरून दुसऱ्यावर झटपट जाण्याची सोय) बंद. नवीन सोयी चालू केल्या की जुना स्कॅनर मुकाट्याने जोडणं सोडतो. बेदाण्यात ओल असते आणि ओल सिग्नल शोषते. म्हणून एपी खोलीच्या मध्यावर थप्पीच्या डोक्यावर न लावता गल्लीच्या टोकाला, गल्लीकडे तोंड करून लावा. भरल्या खोलीत तपासा. रिकाम्या खोलीत केलेली तपासणी हंगामात खोटी ठरते.

प्रश्न : पाचगणीत आमची निवासी शाळा आहे. दगडी जुन्या चार इमारती. कॉरिडॉरमध्ये ११ एपी आहेत, कंट्रोलरवर सगळे हिरवे दिसतात, तरी खोल्यांत नेट रडतं. मुख्याध्यापक व्हिडिओ कॉलवर चालत गेले की कॉल तुटतो. आणि वळवाच्या पावसात दरवर्षी एक-दोन स्विच जळतात.
— प्रशासक, निवासी शाळा

स्विच जळतात तिथून सुरुवात करू, कारण त्यात पैसे जातात. दोन इमारतींमध्ये तांब्याची कॅट-६ नेटवर्क केबल ओढलेली असणार. वीज जवळपास पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये मोठा फरक पडतो आणि तो फरक भरून निघतो तुमच्या केबलमधून. इमारतींमधलं तांबं काढून टाका. चार कोअरची सिंगल मोड फायबर, एचडीपीई पाइपमधून जमिनीखालून न्या आणि दोन्ही टोकांना स्विचमध्ये एसएफपी (फायबर जोडण्याचा छोटा तुकडा) बसवा. १३१० नॅनोमीटरच्या साध्या एलएक्स प्रकारच्या एसएफपी जोडीला १० किलोमीटरपर्यंत अडचण नसते, तुमचं अंतर तर काही शे मीटर. केबल शक्यतो बिनधातूची घ्या. चिलखती घेतली तर तिचा पत्रा दोन्ही इमारतींना जोडणार नाही याची खात्री करा, नाहीतर वीज तीच वाट पुन्हा धरेल.

आता खोल्या. कंट्रोलरवर हिरवा ठिपका म्हणजे एपी आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलतात, एवढंच. कॉरिडॉरमध्ये लावलेले एपी एकमेकांना झकास ऐकतात आणि खोलीतल्या मुलाला मात्र दीड-दोन फुटांच्या दगडी भिंतीतून ऐकावं लागतं. विटांची नऊ इंची भिंत ५ गिगाहर्ट्‌झला दहाएक डेसिबल खाते, म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर येते. दगडी भिंत त्याहून कितीतरी जास्त. एपी खोल्यांत न्या. शेजारच्या दोन खोल्यांमध्ये दार किंवा लाकडी पार्टिशन असेल तर दोघांत एक चालेल, नाहीतर खोलीला एक. मोबाइलवर सिग्नल मोजणारं ॲप घ्या आणि पलंगावर, टेबलाशी बसून बघा : उणे ६५ ते उणे ६७ डीबीएम मिळायला हवं (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). दारात उभं राहून मोजू नका.

कॉल तुटण्याचं कारणही हेच आहे, थोडं उलटं. एक एपी सोडून दुसरा कधी धरायचा हे मोबाइल ठरवतो, कंट्रोलर नाही. आयफोन सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा एपी शोधायला लागत नाही आणि सापडलेला एपी चालू कॉलमध्ये ८ डेसिबलने चांगला असला तरच उडी मारतो. कॉरिडॉरमध्ये ११ एपी पूर्ण पॉवरने ओरडत असतील तर पहिला एपी शेवटच्या टोकापर्यंत उणे ६८ देत राहतो. मोबाइल त्यालाच चिकटतो. दगडी वळण आलं की एकदम तुटतं. पॉवर कमी करा : ५ गिगाहर्ट्‌झवर १४ ते १७ डीबीएम, २.४ वर ८ ते ११. २.४ चा रेडिओ एकाआड एक बंद करा. त्यानंतर ८०२.११के आणि ८०२.११व्ही (मोबाइलला शेजारचे एपी सुचवणाऱ्या सोयी) चालू करा. ८०२.११आर एका नावावर चालू करून आठवडाभर जुने लॅपटॉप, प्रिंटर बघा आणि मगच सगळीकडे लावा. किमान सिग्नलची सक्ती, म्हणजे उणे ७५ च्या खालच्याला बाहेर काढणं, हा शेवटचा उपाय. रेंजच अपुरी आहे तिथे तो लावला तर मुलं दर मिनिटाला आत-बाहेर होत राहतील.

प्रश्न : कराडच्या आमच्या महाविद्यालयात मायक्रोटिकचे २० जुने ‘सीएपी एसी’ एपी त्याच कंपनीच्या कॅप्समॅन या कंट्रोलरवर चालू आहेत. नवे सहा ‘सीएपी एएक्स’ एपी आणले, ते कॅप्समॅनमध्ये येतच नाहीत.
— प्रयोगशाळा सहायक, कराड

येणार नाहीत. मायक्रोटिकमध्ये आता कॅप्समॅन दोन आहेत, नाव एकच. जुन्या ‘वायरलेस’ पॅकेजचा कॅप्समॅन जुने एपी सांभाळतो. एएक्स फक्त ‘वाय-फाय’ मेन्यूतल्या नव्या कॅप्समॅनला ओळखतो. दोघेही पोर्ट ५२४६ आणि ५२४७ च वापरतात, त्यामुळे फायरवॉल तपासण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

आमचा सल्ला, जुने वीसही नव्याकडे आणा. राऊटरओएस (मायक्रोटिकची प्रणाली) ७.१३ पासून सीएपी एसीवर ‘वायफाय-क्यूकॉम-एसी’ पॅकेज चालतं. बॅकअप घ्या, जुनं ‘वायरलेस’ पॅकेज काढा, नवं टाका. या एपीत १६ एमबीचीच साठवण आहे, दोन्ही पॅकेजं एकदम मावत नाहीत. जादाची फाइल एकही ठेवू नका. आधी एकच एपी करून बघा.

खरा घोळ त्यानंतर होतो. जुन्या कॅप्समॅनमध्ये सगळा डेटा बोगद्यातून मुख्य राऊटरपर्यंत नेण्याची सोय होती, त्यामुळे मधल्या स्विचवर व्हीलॅन नसले तरी चालायचं. नव्यात डेटा सहसा एपीवरूनच थेट लॅनमध्ये उतरतो. म्हणजे एपीच्या प्रत्येक पोर्टवर, मधल्या प्रत्येक स्विचवर व्हीलॅन टॅग हवेत. ते नसतील तर विद्यार्थ्याला पासवर्ड लागतो, आयपी मिळत नाही. एएक्सला व्हीलॅन क्रमांक कॅप्समॅनकडून देता येतो. एसीला नाही, तिथे एपीच्या ब्रिजवर, त्या-त्या इंटरफेसला पीव्हीआयडी (व्हीलॅन क्रमांक) हाताने द्यावा लागतो, आणि इंटरफेस दर वेळी नवे तयार होऊ नयेत म्हणून ‘स्लेव्हज-स्टॅटिक’ चालू करावं लागतं. वीस एपींना हे काम दोन सुट्ट्यांचं आहे, परीक्षेच्या आठवड्यात काढू नका.

कोऱ्या एपीला कॅप मोडमध्ये टाकायला रीसेट दाबून वीज द्या, साधारण १० सेकंदांनी दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की सोडा. पाचव्या सेकंदाला सोडलं तर नुसतं रीसेट होतं, पंधरापर्यंत धरलं तर एपी नेटइन्स्टॉल (नव्याने प्रणाली टाकणारा संगणक) शोधत बसतो.

प्रश्न : कंट्रोलर बंद पडला तर वाय-फाय जातं का?
— दुकानदार, वाई

ओमाडा, युनिफायमध्ये जात नाही. एपी शेवटचं सेटिंग धरून चालत राहतात. पाहुण्यांचं लॉगिन पान कंट्रोलरवर असेल तर ते बंद पडतं आणि नोंदी थांबतात. मायक्रोटिकमध्ये मात्र कॅप्समॅन गेला की त्याच्या ताब्यातले रेडिओ सहसा बंद होतात, म्हणून तो राऊटर इन्व्हर्टरवरच हवा. पीओई स्विच, राऊटर आणि कंट्रोलर एकाच इन्व्हर्टरवर घेतले की लाइट गेल्यावर वेगळं काही करावं लागत नाही. आठ एपींसकट हा भार १०० वॅटच्या आसपास भरतो. १५० एएचची चांगली बॅटरी तो सात-आठ तास ओढते.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमच्या शेडमधला लांबचा एपी दिवसातून चार-पाचदा आपोआप रीस्टार्ट होतो. एपी बदलून पाहिला, तेच.
— लघुउद्योजक, कुपवाड

केबल बदला. लक्षणांवरून ती सीसीए वाटते, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर शंका नको. हिचा रोध तांब्यापेक्षा दीडपटीहून जास्त. ७०-८० मीटरवर एपीपर्यंत पोचेतो व्होल्ट पडतात, आणि जोडलेले लोक वाढले की एपी जास्त वीज ओढतो आणि कोसळतो. अस्सल तांब्याची २३ गेजची कॅट-६ घ्या, स्विचपासून एपीपर्यंत पॅच कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत.

तेवढ्यात कंट्रोलरमध्ये त्या एपीचा लिंक-वेग बघून घ्या. १००० ऐवजी १०० दिसला तर आठपैकी एखादी तार टोकाला बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. दोन्ही टोकं याच क्रमाने पुन्हा क्रिम्प करा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

प्रश्न : महाबळेश्वरला आमचं छोटं हॉटेल आहे. एका पाहुण्याच्या मोबाइलवर रिसेप्शनचा प्रिंटर दिसला. हे कसं थांबवायचं?
— हॉटेलचालक

पाहुण्यांना वेगळा व्हीलॅन द्या, राऊटरवर त्या व्हीलॅनमधून ऑफिसकडे जाणारी वाट बंद करा आणि त्या नावावर क्लायंट आयसोलेशन (जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसू न देणारी सोय) चालू करा. नुसतं आयसोलेशन पुरत नाही. प्रिंटर तारेने जोडलेला असेल तर काही एपींवर तो तरीही दिसतो. आयसोलेशनमुळे पाहुण्याला मोबाइलवरचं चित्र खोलीतल्या टीव्हीवर टाकता येणार नाही, ते रिसेप्शनवरच सांगून टाका. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आस्थापनांनी लॉग, म्हणजे नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत. छोट्या कंट्रोलरच्या पोटात तेवढं मावत नाही, ते सिसलॉगने (नोंदी दुसरीकडे पाठवण्याच्या सोयीने) एखाद्या संगणकावर पाठवा.

प्रश्न : विट्यात आमच्या शोरूमला ज्याने एपी बसवले तो आता फोन उचलत नाही. कंट्रोलरचा पासवर्ड त्याच्याकडेच आहे.
— व्यापारी, विटा

एपी चालू आहेत तोवर घाई करू नका. आधी सध्याची नावं, पासवर्ड, स्विचवरचे व्हीलॅन आणि कुठला एपी कुठल्या पोर्टवर आहे ते कागदावर उतरवा. मग बंद दिवशी नवा कंट्रोलर उभा करा, त्यात तीच नावं आणि तेच पासवर्ड टाका, आणि एकेक एपी रीसेट करून नव्याला जोडा. नावं तीच ठेवली तर बिलिंगचे संगणक, प्रिंटर पुन्हा जोडत बसावं लागत नाही. नव्या कंट्रोलरचं खातं दुकानाच्या ईमेलवर काढा, बसवणाऱ्याला त्यात दुय्यम ॲडमिन करा आणि काम संपलं की ते काढून घ्या. कंट्रोलरचा बॅकअप आपोआप निघतो, पण तो कंट्रोलरवरच पडून राहतो; महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर उतरवा.